वाळूखालच्या मुऱ्या

यासीनभाई,

तुमच्या जाण्याची बातमी मी पाठवली नाही. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या बातम्या मी पुण्याच्या दैनिकाला पाठवतो, हे तुम्हाला माहीतच आहे. सोसायटीचा चेअरमन गेला तर चार ओळी मिळतात, शाळेचा हेडमास्तर गेला तर दोन. रेल्वेच्या पंपघरातला माणूस गेला तर ओळ मिळत नाही. तरी मी कागद घेतला, नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि वयापाशी अडलो. सहा वर्षं जवळजवळ दर रविवारी तुमच्यासमोर बसून चहा प्यालो आणि तुमचं वय मला ठाऊक नव्हतं. तुमच्या काचपेटीतल्या प्रत्येक माशाचं वय मात्र तुम्ही मला सांगितलेलं होतं.

आज अठ्ठ्याण्णव दिवस झाले. तुमच्यामागे काही गोष्टी घडल्या आहेत आणि त्या तुम्हाला कळवणं भाग आहे. त्या मी क्रमानं सांगतो. क्रम सोडला की मला काहीच समजेनासं होतं. क्रमानं सांगूनही नीट समजेल याची खात्री नाही.

आपली ओळख एका चुकीच्या बातमीतून झाली. रेल्वे कॉलनीतल्या नळातून अळ्या येतात अशी तक्रार एका गार्डाच्या बायकोनं केली होती. चौकशीसाठी मी भीमेकाठच्या पंपघरात आलो, तेव्हा तुम्ही गाळटाकीत गुडघाभर चिखलात उभे होतात. टाकी उपसण्याचा दिवस होता. नदीचं पाणी आधी या टाकीत येतं, गाळ खाली बसतो, वरचं पाणी उंच टाकीत चढतं आणि तिथून इंजिनांना आणि क्वार्टरांना जातं, एवढं तुम्ही मला हातातलं काम न थांबवता सांगितलंत. दोन मजूर घमेल्यांनी गाळ बाहेर काढत होते. तुम्ही प्रत्येक घमेलं अडवून त्यात बोटं फिरवत होतात आणि बोटांना काही लागलं की उचलून पत्र्याच्या डब्यात टाकत होतात. मी विचारलं, याच का त्या अळ्या. तुम्ही वरसुद्धा पाहिलं नाहीत.

"अळी न्हाई. मुरी हाय. मासा हाय त्यो. मिशा बघा, मंग लिवा."

मी डब्यात पाहिलं. करंगळीएवढी, वाळूच्या रंगाची, अंगावर तपकिरी ठिपके, तोंडाशी बारीक मिशा. मी 'मासे' असं लिहून पाठवलं. पुण्यातल्या उपसंपादकाला नळातून मासे येणं अशक्य वाटलं आणि त्यानं 'अळ्या' केलं. बातमी आल्यावर तुमच्याकडे लेखी विचारणा झाली. पुढच्या रविवारी मी माफी मागायला आलो, तर विचारणेचं तुम्हाला काहीच नव्हतं. मुरीला अळी म्हटलं, याचा राग होता. दुरुस्ती छापा, म्हणालात. मी म्हणालो, छापतो. सहा वर्षं तुम्ही विचारत राहिलात आणि मी छापतो म्हणत राहिलो. हा मजकूर छापायला देताना मी 'मासा' या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली आहे. दुरुस्तीला उशीर झाला, हे मान्य करतो.

त्याच रविवारी तुमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत ती काचपेटी पहिल्यांदा पाहिली. दोन फूट लांब, लोखंडी पट्ट्यांची चौकट, त्यात चार काचा. रेल्वेच्या पासावर मुंबईला जाऊन तिथलं मत्स्यालय पाहून आलात आणि परत येताना गाडीतच तुम्ही पेटीचं माप ठरवलं होतं. काचा शिरूरच्या तसबिरी मढवणाऱ्याकडून कापून आणल्या होत्या. जवसाच्या तेलात खडू आणि शेंदूर मळून सांधे भरले होते. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा पेटी गळली आणि भाभींचं गव्हाचं पोतं भिजलं. त्या पोत्याचा उल्लेख भाभी अजूनही करतात.

वर दांडवन, मध्ये खवल्या, तळाला मुऱ्या. तीन थर आणि कुणाचं कुणाशी वैर नाही. मला आवडले ते दांडवन, कारण ते सतत दिसत. मुऱ्या दिसतच नसत. अर्धा तास टक लावून बसल्यावर वाळूत दोन डोळे दिसायचे, आणि डोळे दिसले असं म्हणेपर्यंत ते जायचे. असा मासा काचेत ठेवून उपयोग काय, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, उपयोग कशाला पायजे, त्या काय इंजान हायेत?

वाळूचं तुम्हाला फार. मुरी वाळू तोंडात घेते, त्यातलं खाण्यासारखं ठेवते आणि उरलेली कल्ल्यांवाटे सोडून देते. वाळू खरखरीत असली तर तिच्या मिशा झिजतात आणि मिशा झिजल्या की तिला अन्न सापडत नाही. पंपघराखालची भीमेची वाळू तुम्हाला खरखरीत वाटायची. शिरूरला घोडनदीच्या एका वळणावर पिठासारखी वाळू आहे, असं मीच बोलून गेलो. मग ती आणण्याचं काम माझ्याकडे आलं. चार रविवार मी खांद्याच्या पिशवीतून वाळू आणली. एस.टी.च्या कंडक्टरनं पिशवी चाचपून पाहिली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "का वो पेपरवाले, दौंडाला नदी न्हाई व्हय?" तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. वाळू चाळत होतात.

खायला घालण्याची तुमची एक रीत होती. दांडवन हावरे. वरून टाकलेलं ते तळाशी पोचूच देत नाहीत. म्हणून दिवेलागणीला तुम्ही आधी एका कोपऱ्यात चिमूटभर पीठ टाकायचात. सगळे दांडवन तिकडे धावले की दुसऱ्या कोपऱ्यात हरभऱ्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्या सोडायच्या, त्या सरळ तळाला जात. एका मुरीला ज्वारीच्या दाण्याएवढी एक गोळी. "वरच्यास्नी गुतवायचं, खालच्यास्नी वाढायचं," असं तुम्ही म्हणायचात. मी म्हणालो होतो, ही रीत तालुक्यातल्या पुढाऱ्यांना आधीपासून माहीत आहे, फक्त ते गोळ्या टाकत नाहीत. त्यावर तुम्ही हसलात. माझ्या विनोदाला हसल्याचा तो एकच प्रसंग मला आठवतो.

एकदा मी तांब्यातून मरळीचं पिल्लू आणलं. मरळ मोठी झाली की इतर मासे खाते, पण हे बोटभरच होतं आणि देखणं. मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल. तुम्ही तांब्यात वाकून पाहिलंत, चपला घातल्या, तांब्या उचललात आणि थेट भीमेवर जाऊन ते सोडून आलात. चहा निवून गेला. आल्यावर म्हणालात, "आज पिल्लू हाय. उद्या चेअरमन हुईल."

मी वाद घातला. ज्या पाण्यात भांडण करणारा आधीच बाहेर काढलेला असतो, तिथल्या शांततेला शांतता म्हणता येत नाही, ती निवड झाली, असं माझं म्हणणं होतं. तुम्ही म्हणालात, भांडणं तुमच्या पेपरात रोज हायेत की, एक दोन फुटाची जागा बिनभांडणाची ऱ्हाऊ द्या. मी म्हणालो, हे उत्तर झालं नाही. तुम्ही म्हणालात, मंग घर म्हंजी काय असतं? या प्रश्नाचं उत्तर मी पुढच्या रविवारी देणार होतो. असे पुढचे रविवार बरेच गेले. उत्तर अजून तयार नाही.

आता लाल फडक्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

टाकी उपसून झाली की तुम्ही पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकायचात. तो दिवस पंपघरातल्या फळ्यावर खडूनं लिहायचा, असा नियम होता आणि तुम्ही लिहायचात. पण पंपघरातला फळा कॉलनीतलं कोण वाचतं? म्हणून तुम्ही गल्लीतल्या नळाच्या मानेला जुन्या झेंडीचं लाल फडकं बांधायचात. फडकं असलं की बायका त्या दिवशी डाळीला नळाचं पाणी घेत नसत. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते सोडून खिशात ठेवायचात. हे कुठल्या नियमात नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. नळ कधी वापरायचा आणि कधी नाही, हे अख्खी गल्ली त्या फडक्यावरून ठरवत होती. मीही.

माशांसाठी तर तुम्ही नळाचं पाणी थेट कधीच घेतलं नाहीत. दाराशी रांजण होता. आठवडाभर मुरलेलं पाणी त्यातून घ्यायचं. मला पाण्याचा वास कळत नाही, यावर तुम्ही मला नेहमी टोचायचात. तपकिरीनं नाक गेलेला माणूस बातम्यांचा वास काय घेणार, असं.

शेवटच्या रविवारी आपण आकड्यावरून भांडलो. मुऱ्या किती, हा तो वाद. तुम्ही म्हणायचात अकरा. मी सहा वर्षांत एका वेळी सातांपेक्षा जास्त पाहिल्या नव्हत्या, आणि त्या सातही एकदाच. न पाहिलेली गोष्ट मी छापत नाही, असं मी म्हणालो. तुम्ही चिडलात.

"तुमाला दिसत न्हाईत म्हंजी न्हाईत व्हय? अकरा हायेत. एकटी मुरी जगत न्हाई, नुसती ऱ्हाती. म्हून मी अकरा ठिवल्यात."

मी उठताना 'सात' म्हणालो. तुम्ही माझ्याकडे पाठ करून 'अकरा' म्हणालात. मंगळवारी तुम्ही गेलात. आपल्यात झालेलं शेवटचं बोलणं म्हणजे हे दोन आकडे.

तिसऱ्या दिवशी भाभींनी तुमच्या खालांकरवी, म्हणजे मावशींकरवी, निरोप दिला. भाभींची इद्दत सुरू झाली होती. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही आणि परक्या पुरुषासमोर यायचं नाही. क्वार्टर तोवर ठेवायला मिळालं होतं. तुमच्या हयातीत भाभींनी काचपेटीला हात लावला नव्हता, तुम्हीच लावू दिला नव्हता. म्हणून रविवारी येऊन भाऊंनी पाणी बदलावं, खाणं कसं घालायचं ते सांगून जावं आणि इद्दत संपेपर्यंत हे मासे सांभाळावेत, एवढीच विनंती होती. त्यानंतर भाभी पाबळला लेकीकडे, जुबेदाकडे जाणार आणि पेटी बरोबर नेणार. तुमच्या सगळ्या वस्तूंपैकी जिवंत अशी हीच एक, असं भाभींनी म्हटल्याचं खाला म्हणाल्या. मी हो म्हणालो.

पाच रविवार काही झालं नाही. मी यायचो. पुढच्या खोलीत खाला बाजेवर तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. त्यांना ऐकू कमी येतं आणि हल्ली आठवणही राहत नाही. आतल्या दाराला पडदा. मी रांजणातली एक बादली काढायचो, पेटीतलं तेवढंच पाणी उपसून नवं घालायचो. मग पडद्याआडून भाभी विचारायच्या, "किती दिसल्या, भाऊ?" मी खरं सांगायचो. दोन. एक. एकदा चार. त्या 'बरं' म्हणायच्या. त्या दिवसभर याच घरात असतात, मी गेल्यावर याच खोलीत येतात, मग मला कशाला विचारतात, हे मला कळत नव्हतं. आता वाटतं, तुम्ही रोज संध्याकाळी आत ओरडून आकडा सांगायचात, तो ऐकण्याची त्यांना सवय असावी. पण हा माझा तर्क आहे.

तुमचा चाळिसावा शनिवारी झाला. मी रविवारी आलो. पाहुण्यांनी रांजण रिकामा केला होता. मी बादली घेऊन गल्लीतल्या नळावर गेलो. नळाच्या मानेला काही बांधलेलं नव्हतं. मी पाणी भरलं आणि पेटीत ओतलं. वास मला आला नाही. भाभींनी विचारलं, मी तीन म्हणालो. त्या दिवशी खरोखर तीन दिसल्या होत्या, काचेला चिकटून, वरच्या बाजूला. त्या वर का आल्या असतील, असं तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

पुढच्या रविवारी मी वाटेत पंपघराशी थांबलो. तुमच्या जागी बारामतीकडचा एक माणूस आला आहे. कामाला चोख. मी सहज विचारलं, हल्ली टाकी उपसली नाही वाटतं, नळाला फडकं दिसलं नाही.

"कसलं फडकं?" तो म्हणाला. "गेल्या रविवारी सकाळीच पावडर टाकली की. फळ्यावर लिवलं व्हतं."

फळ्यावर होतं. तारीख, वेळ, सही. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. फडकं तुमचं होतं आणि तुम्ही नव्हतात, हे मला पाणी भरताना सुचलं नाही. चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी, तुमच्याच घरासमोर उभा राहून, तुम्ही पंपघरात आहात असं धरून मी बादली भरली. मी हे अनेकदा तपासलं आहे. दुसरा अर्थ निघत नाही.

मी खोलीत आलो. पेटीत तेरा दांडवन असायचे, चार राहिले होते. खवली एकच. मेलेलं काही तरंगत नव्हतं. म्हणजे कुणीतरी काढलं होतं, आणि घरात खाला आणि भाभी यांच्याशिवाय कुणी नव्हतं. वाळू सपाट होती. मी अर्धा तास बसलो. दोन डोळेसुद्धा दिसले नाहीत.

"किती दिसल्या, भाऊ?"

मी म्हणालो, पाच.

मग त्या 'बरं' म्हणाल्या. दांडवनांबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पाच हाच आकडा का आला, हे मला माहीत नाही. इतक्या वर्षांत न पाहिलेली गोष्ट मी कागदावर लिहिली नव्हती. तिथे ती तोंडातून सहज गेली, आणि एकदा गेल्यावर सहा रविवार तीच सांगत राहिलो. पाच. पाच. एकदा चार म्हणालो, तेवढाच बदल. तपकिरीची डबी त्या आठवड्यात शिरूरच्या पुलावरून नदीत टाकली. त्यानं काही भरून निघत नाही, हे कळत होतं.

तुम्ही असतात तर आधी शिवी दिली असती, मग पेटीवर वाकून पाण्याचा वास घेतला असता आणि काय झालं ते सांगितलं असतं. मी घरी जाऊन कोष्टक मांडायचो. बादली किती, पेटी किती, पावडर सकाळी, पाणी दुपारी. दांडवन पातळ कातडीचे, ते गेले. मुरीला खवले जवळजवळ नसतात, म्हणजे ती आधी जायला हवी. पण मुरी वर येऊन हवाही गिळते, हे तुम्हीच दाखवलं होतं, म्हणजे ती टिकायला हवी. कोष्टक दर वेळी निरनिराळं उत्तर द्यायचं.

सातव्या रविवारी, म्हणजे मागच्या आठवड्यात, भाभींनी आकडा विचारला नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, मला एकदा दाखवा. खाला मधी बसतील, मी तोंडावरनं पदर घिऊन येते. सा आठवडं मी रोज बघती, मला एक बी दिसंना. तुमाला पाच कुठं दिसत्यात?"

माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. मी पडद्याकडे पाहून सगळं सांगितलं. रांजण, नळ, फळा, पाच. बातमी सांगावी तसंच सांगितलं, मला दुसऱ्या तऱ्हेनं सांगता येत नाही. सांगून झाल्यावर मी उभा राहिलो. त्या जा म्हणतील, असं मी धरलं होतं.

भाभी म्हणाल्या, "तुमी न्हाई. ते माझ्या हातनं झालं."

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. चाळिसाव्याला तुमच्या नावानं फातिहा पढून झाली. पाहुणे गेल्यावर फातिहाचं पाणी वाटीभर उरलं. त्यात गुलाबपाणी घातलेलं होतं. सगळ्यांना मिळालं, मग तुम्ही इतक्या जिवापाड ठेवलेल्या या माशांनाच का नाही, असं त्यांना वाटलं आणि रविवारी मी गेल्यावर त्यांनी ती वाटी पेटीत ओतली. पीठ टाकण्यापलीकडे तुमच्या पेटीला त्यांनी लावलेला तो पहिला हात. सोमवारी सकाळी मासे तरंगत होते. मी मासे सांभाळायचा शब्द दिलेला, आता मला कसं तोंड दाखवायचं, म्हणून त्यांनी ते गुपचूप काढले आणि मागच्या अंगणात मेंदीच्या झाडाखाली पुरले.

"मुऱ्या किती होत्या त्यात?" मी विचारलं. हा प्रश्न मी सवयीनं विचारला, याची मला नंतर लाज वाटली.

"सात. ते अकरा म्हनायचे. मी म्हनलं, चार ऱ्हायल्या. आन् तुमी आलात ते पाच म्हनालात. मला वाटलं, मीच मोजाया चुकले. मेंदीखालची माती उकरून परत मोजावं, असं बी आलं व्हतं मनात. दोनदा खुरपं घिऊन गेले."

यासीनभाई, हे मला कोणत्याच क्रमात बसवता येत नाही. मी दिलासा म्हणून जो आकडा सांगितला, त्यानं त्यांना खुरपं हातात घ्यायला लावलं.

माझ्या डोक्यात दुसराही आकडा होता, तो मी बोललो नाही. भाभी बोलल्या. "तुमचा आकडा सात. व्हय ना? हे घरात येऊन हसायचे त्याच्यावर."

मी हो म्हणालो. पुढचं दोघांनाही कळलं. तुम्ही बरोबर असाल तर वाळूखाली चार आहेत. मी बरोबर असेन तर तिथे काही नाही.

खालांनी सुपातून मान वर केली आणि काय झालं म्हणून विचारलं. भाभींनी मोठ्यानं सांगितलं, काय न्हाई, मुऱ्या किती ते चाललंय. खाला म्हणाल्या, "मंग वाद कशाला? यासीन आला की त्याला इचारा." आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

पडद्यामागून आलेला आवाज रडण्याचा होता की हसण्याचा, हे मी सांगू शकत नाही.

मग मी म्हणालो, वाळू आत्ता उपसून पाहतो, दहा मिनिटांचं काम आहे, एकदाचं कळेल. भाभी नाही म्हणाल्या. वाळूत हात घालायचा नाही, हा तुमचा नियम त्यांनी मला सांगितला, जणू मला तो माहीत नव्हता. इद्दत संपली की क्वार्टर सोडायचंय, तेव्हा पेटी हलवताना वाळू काढावीच लागेल. त्याला महिनाभर आहे. तोवर नाही. मी विचारलं, मग तोवर काय समजायचं?

"तुमाला पेपरवाल्यास्नी ठरवायची लई घाई," त्या म्हणाल्या.

माझी बादली की त्यांची वाटी, हेही ठरलेलं नाही. एकाच दिवशी दोन्ही झालं. मी म्हणतो माझी, त्या म्हणतात त्यांची, आणि दोघंही हट्टाला पेटलो आहोत. तुमच्या बिनभांडणाच्या जागेवरून आमचं हे असं चाललं आहे. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही बहुधा तिसरंच कारण सांगितलं असतं, आणि आम्ही दोघांनी मुकाट ऐकलं असतं.

काल रविवार होता. भाभींनी आकडा विचारला नाही. खालांशी त्या जुबेदाच्या पत्राबद्दल बोलत होत्या. मी रांजणातलं पाणी काढलं, नाकाशी नेलं, ओतलं. चार दांडवन आता कोपऱ्यात बोलावण्याआधीच येतात. त्यांना पीठ टाकलं. मग हरभऱ्याचं पीठ मळून गोळ्या करायला घेतल्या. एका मुरीला ज्वारीच्या दाण्याएवढी एक. पहिली झाली तेव्हा मी वाळूकडे पाहिलं. काही दिसत नव्हतं. दुसरी केली, तिसरी केली. चौथी करताना बोटं जरा थांबली.

मग तीही केली आणि चारही गोळ्या दुसऱ्या कोपऱ्यात सोडल्या.